छापील तांबं

पुण्याच्या तपकीर गल्लीतून ज्यांनी कधी फेरिक क्लोराईडची पुडी आणली असेल, त्यांना शर्टावरचा तो पिवळट-तपकिरी डाग आठवत असेल. धोब्याच्या बापालाही न निघणारा. तांब्याचा पातळ थर दिलेला बोर्ड घ्यायचा, त्यावर न विरघळणाऱ्या शाईने रेघा काढायच्या आणि ट्रेमधल्या द्रावणात तो हलवत बसायचं. शाईखालचं तांबं टिकतं, बाकीचं विरघळतं. उरतो तो सर्किट बोर्ड. आपल्याकडे अनेकांचे रेडिओ आणि अँप्लिफायर याच ट्रेमधून निघाले. ब्रिटनमध्ये त्यातून सिंथेसायझरही निघाले.

बोर्डाचं मूळही लंडनचंच म्हणावं लागेल. पॉल आइस्लर हा व्हिएन्नाचा ज्यू इंजिनिअर 1936 साली तिथे आला. हॅम्पस्टेडमधल्या भाड्याच्या खोलीत त्याने तारांऐवजी छापील पट्ट्यांवर चालणारा रेडिओ जमवला. तो घेऊन एका कंपनीकडे गेला, तर उत्तर मिळालं की तारा जोडायला मुली आहेत, त्या स्वस्त पडतात. पुढे युद्धकाळात हेंडरसन अँड स्पॉल्डिंग या लिथोग्राफीच्या छापखान्याने त्याला हात दिला. पण त्याने करार न वाचताच सही केली. नोकरीत असताना लागलेल्या शोधांचे हक्क त्यातल्या कलमानुसार नाममात्र एका पौंडात मालकांकडे जाणार होते. छपाईच्या धंद्यातच वाढलेली छापील सर्किटची ही कल्पना तीस वर्षांनी मासिकांच्या पानांवर परत आली, हे मला फार गमतीचं वाटतं.

1969 साली लंडनच्या पटनी भागातल्या ईएमएस या कंपनीने व्हीसीएस 3 हा सिंथेसायझर काढला. पीटर झिनोव्हिएफ, डेव्हिड कॉकरेल आणि ट्रिस्ट्रम केरी या तिघांचं हे काम. किंमत 330 पौंड. अमेरिकन मूग सिंथेसायझरच्या मानाने स्वस्त, पण गिरणी-कारखान्यातल्या पोराच्या हाताबाहेरच. त्या पोरासाठी वर्तमानपत्रांच्या दुकानात ‘प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स’ लटकलेलं असे. 1973 साली त्यात अख्ख्या सिंथेसायझरची लेखमाला आली. ‘वायरलेस वर्ल्ड’नेही त्याच वर्षी आपला आराखडा छापला. या मासिकांत सर्किटच्या आकृतीबरोबर बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा खऱ्या मापात छापलेल्या असत. बायकांच्या मासिकात भरतकामाचा नमुना यावा तशा. कागद बोर्डावर ठेवायचा, टोच्याने भोकांच्या खुणा करायच्या आणि गिरवायचं.

1978 साली ‘इलेक्ट्रॉनिक्स टुडे इंटरनॅशनल’ने टिम ऑर यांचा ट्रान्सेंडंट 2000 छापला आणि पॉवरट्रान कंपनीने त्याचे सुटे भाग एकत्र करून विकले. त्यातला एक संच मँचेस्टरकडच्या जॉय डिव्हिजन या बँडच्या बर्नार्ड समनरने जोडला. पण मला त्याहून जास्त रस आहे तो गिटारच्या एका छोट्या डब्यात.

जुलै 1975च्या ‘प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स’मध्ये रॉय ग्विन यांनी गिटारवादकांसाठी एक सर्किट दिलं होतं. एक मंद ऑसिलेटर गिटारचा आवाज ठरावीक वेगाने लहानमोठा करी किंवा त्याचा पोत बदलत ठेवी. म्हटलं तर साधी चीज. लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या गटाच्या ख्रिस कार्टरने ते बांधलं, आपल्या मनाप्रमाणे बदललं आणि गटातल्या इतरांसाठीही बनवलं. मग त्यातून गिटारच कशाला, कॉर्नेटही गेलं, माणसाचा आवाजही गेला. बाहेर पडे ती करवतीसारखी घरघर. आज ज्याला इंडस्ट्रियल संगीत म्हणतात, त्याच्या ओळखीच्या आवाजांपैकी हा एक. त्या डब्याला ग्रिसलायझर हे नाव पडलं. ग्विननी कल्पनेत पाहिलेला वादक बहुधा वेगळा असावा!

इथे मला पंडित भातखंडे आठवतात. घराण्यांनी जिवापाड जपलेल्या चिजा त्यांनी स्वरलिपीत बांधून क्रमिक पुस्तकांत छापल्या. कोणीही उघडावं, गावं. पण कागदावरची चीज म्हणजे गाणं नव्हे, हे शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं. सर्किटचंही तसंच. अनेक सिंथेसायझरांत एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो. हे गणित ज्या ट्रान्झिस्टरांवर उभं असतं, ते तापमानाने हलतात. खोली गरम झाली की सूर सरकतो, तंबोऱ्यासारखा. त्यामुळे एकाच पानावरून बांधलेले दोन डबे सहसा एकसारखे बोलत नाहीत.

1990च्या दशकात जर्मनीच्या डीटर डोएप्फर यांनी सिंथेसायझरच्या सुट्या भागांची, म्हणजे 128.5 मिलिमीटर उंचीच्या मॉड्यूलांची, युरोरॅक पद्धत आणली. एका माणसाने एकच छोटा तुकडा करावा आणि तो दुसऱ्याच्या तुकड्याला वायरीने जोडता यावा, अशी ही सोय. तिच्यामुळे घरगुती आराखड्यांना पुन्हा बहर आला. लंडनच्या टॉम व्हिटवेलने 2012 साली ट्युरिंग मशिन हे मॉड्यूल केलं. सोळा बिटांची साखळी सतत फिरत असते, तिच्यावरून स्वर ठरतात आणि एक मोठं बटण तिचं नशीब ठरवतं. ते मध्यावर ठेवलं तर स्वर निव्वळ योगायोगाने येतात. पूर्ण उजवीकडे नेलं की सोळा स्वरांचं आवर्तन पक्कं होतं. पूर्ण डावीकडे नेलं तर परत येणारा प्रत्येक बिट उलटतो आणि आवर्तन दुप्पट लांब होतं. आपल्याकडच्या कोणालाही हे लयीचं कोडं म्हणून आवडेल.

व्हिटवेलने आकृती आणि बोर्डाचा आराखडा दोन्ही खुले केले. परवान्याची अट सरळ आहे: वापरा, बदला, विका, पण मूळ कर्त्याचं नाव द्या आणि तुमचा बदलही असाच खुला ठेवा. एका पौंडात हक्क गमावलेल्या आइस्लरने ही अट वाचली असती तर काय म्हटलं असतं, कोण जाणे.

आता ट्रेमध्ये बोर्ड हलवत बसणारे थोडे. आराखड्याची फाइल चीनमधल्या कारखान्याला धाडली की हिरवे बोर्ड टपालाने घरी येतात. ज्यांना तीही खटपट नको, ते ब्राइटनच्या थॉन्क या दुकानाकडून सुट्या भागांचा संच मागवतात. आराखडा फुकटच असतो. पैसे पडतात ते बोर्डाचे, पॅनेलचे आणि कोणीतरी रेझिस्टर मोजून पिशव्यांत भरल्याचे.