रशियन चहा आणि वारेन्ये

मध्य रशियातील उन्हाळा अल्पायुषी असतो. जूनच्या अखेरीस स्ट्रॉबेरी पिकू लागते, जुलैमध्ये रास्पबेरी, चेरी आणि करंट यांचा बहर येतो, ऑगस्टमध्ये प्लम व सफरचंदे हाती लागतात. आणि सप्टेंबर सरतो न सरतो तोच थंडीची चाहूल लागते. त्यानंतर कित्येक महिने बागेत आणि रानात ताजे फळ मिळत नाही. या अडीच-तीन महिन्यांत जे पिकेल त्यातील काही भाग हिवाळ्यासाठी राखून ठेवणे हे तेथील गृहिणीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कर्तव्य ठरले. या कर्तव्यातून जो गोड पदार्थ जन्मास आला, त्याला रशियन भाषेत ‘वारेन्ये’ म्हणतात. हा शब्द ‘शिजवणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला आहे. रशियन चहाची गोडी कित्येक घरांत साखरेपेक्षा या वारेन्येवरच अवलंबून असते.

मराठी श्रोत्यांना वारेन्येचे स्वरूप समजण्यासाठी मुरांबा व मोरावळा यांचे स्मरण पुरेसे आहे. बाजारात मिळणाऱ्या जॅममध्ये फळाचा लगदा झालेला असतो. वारेन्येत मात्र फळ अखंड राहिले पाहिजे, अशी अपेक्षा असते. मोरावळ्यातील आवळा जसा पाकात मुरूनही आपला आकार सोडत नाही, तशीच येथे चेरी, स्ट्रॉबेरी किंवा गूजबेरी स्वच्छ, पारदर्शक पाकात सगळीकडे सारखी विखुरलेली दिसावी लागते. पाकही फार घट्ट नसतो. चमच्यातून तो सावकाश ओघळतो. फळ मोडले, पाक गढूळ झाला, की चव कितीही चांगली असली तरी करणारीला ते कमीपणाचे वाटते.

रशियात चहा आणि वारेन्ये यांची गाठ उशिरा पडली. फळे मधात किंवा काकवीसारख्या पाकात घालून टिकविण्याची रीत जुनी. चहा मात्र १६३८ मध्ये एका मंगोल खानाकडून झार मिखाइल याच्याकडे भेट म्हणून आला, असे सांगितले जाते. १७२७ मध्ये क्याख्ता येथे चीनशी तह झाल्यानंतर त्या सीमेवरील गावातून उंटांच्या तांड्यांनी नियमित चहा येऊ लागला. एवढ्या लांबच्या प्रवासामुळे तो महाग पडे. परदेशातून येणारी उसाची साखरही तशीच महाग होती. १८०२ मध्ये तूला प्रांतात बीटापासून साखर काढण्याचा कारखाना निघाला. पुढे त्या शतकात हा उद्योग वाढत गेला आणि साखरेतले वारेन्ये सामान्य घरांच्याही आवाक्यात आले. योगायोगाची गोष्ट अशी, की रशियन चहाचे प्रतीक बनलेला सामोवार हाही तूला शहराच्याच नावाने ओळखला जातो. तेथे लिसित्सिन बंधूंनी १७७८ मध्ये सामोवार बनविण्यास प्रारंभ केला होता.

रशियन चहा करण्याची पद्धत आपल्याहून निराळी आहे. लहान चहादाणीत चहाचा अतिशय कडक अर्क तयार करतात. प्रत्येक पेल्यात तो थोडा ओतून वर सामोवारातील उकळते पाणी घालतात. ज्याला जसा हवा तसा फिका वा कडक चहा मिळतो. दूध बहुधा नसते. मग गोडीचे काय? पूर्वी साखरेच्या मोठ्या शंकूतून चिमट्याने तोडलेला खडा दातांत धरून त्यावरून चहा प्यावयाचा, ही काटकसरीची रीत होती. साखर पेल्यातच विरघळवून पिणे हा सढळपणा. साखरेकडे नुसते पाहत चहा पिण्याचीही एक तिसरी रीत लोक विनोदाने सांगत. वारेन्येसाठी प्रत्येकापुढे एक इवलीशी बशी ठेवतात. चमचाभर वारेन्ये तोंडात घ्यावयाचे आणि वरून गरम चहाचा घोट. काही जण ते चहात ढवळतात आणि रशियाबाहेर तीच खरी रशियन तऱ्हा समजली जाते. परंतु जुन्या वळणाच्या घरांत फळाची चव आणि चहाचा कडवटपणा दोन्ही वेगवेगळे कळावेत म्हणून बशीच पसंत करतात.

आता कृतीकडे वळू. स्ट्रॉबेरीचे उदाहरण घ्यावे. पाऊस नसलेल्या दिवशी तोडलेली, घट्ट, एकसारख्या आकाराची फळे निवडतात. एक किलो फळांना एक ते दीड किलो साखर लागते. फळे चटकन धुऊन निथळू देतात आणि मगच देठ काढतात; आधी देठ काढले तर फळात पाणी शिरते. पसरट तसराळ्यात फळांचा एक थर, साखरेचा एक थर असे रचून ते रात्रभर ठेवतात. सकाळपर्यंत साखर फळांतील रस ओढून घेते आणि पाण्याचा थेंबही न घालता पाक तयार होतो. मंद आचेवर त्याला उकळी आणून पाच मिनिटे शिजवितात आणि खाली उतरवून सात-आठ तास तसेच राहू देतात. असे तीन वेळा करावयाचे. ढवळण्यासाठी चमचा फारसा वापरत नाहीत. तसराळेच दोन्ही हातांनी धरून हलकेच गोल फिरवितात, म्हणजे फळे मोडत नाहीत. वर येणारा गुलाबी फेस झाऱ्याने काढून बशीत ठेवतात आणि तो घरातील मुलांच्या वाट्याला जातो.

एकदाच मोठ्या आचेवर शिजवून हे काम का आटोपत नाहीत? फळाभोवतीचा पाक एकाएकी दाट झाला, तर फळातील पाणी झपाट्याने बाहेर पडते; साखर आत शिरण्यास मात्र वेळ लागतो. परिणामी फळ आक्रसते, चिवट होते आणि हलके असल्याने वर तरंगते. मधल्या विश्रांतीत साखर सावकाश आत मुरते. फळे पारदर्शक दिसू लागली, पाकात सारखी पसरली आणि थंड बशीवर टाकलेला थेंब पसरेनासा झाला, की वारेन्ये उतरले असे समजावे. कमी शिजले तर ते आंबते. अधिक शिजले तर रंग तपकिरी होतो आणि सुगंध उडून जातो. पाकात साखरेचे प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांपर्यंत गेले, की सूक्ष्मजंतूंना वाढण्यास पुरेसे मोकळे पाणी उरत नाही. टिकाऊपणाचे सारे रहस्य येथे आहे. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या बरण्यांत ते भरतात. पूर्वी तोंडाला कागदाचा दादरा बांधीत.

पाणी घालावे की नाही, हा वाद रशियन स्वयंपाकघरात जुना आहे. टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’ या कादंबरीच्या सहाव्या भागात त्याचे मार्मिक चित्र आढळते. लेव्हिनच्या घरी नवपरिणीत किटी आपल्या माहेरची बिनपाण्याची पद्धत घेऊन येते. घरातील वृद्ध कारभारीण आगाफ्या मिखाइलोव्हना हिला ते पटत नाही. ती स्ट्रॉबेरीच्या वारेन्येत गुपचूप पाणी घालते आणि ते उघडकीस येते. मग सर्वांच्या देखत नव्या पद्धतीने रास्पबेरी शिजू लागते आणि म्हातारी रुष्ट चेहऱ्याने तसराळे फिरवीत, हे बिघडावे अशी मनोमन इच्छा करते. वरवर पाहता प्रश्न थोड्या पाण्याचा. परंतु वर्षानुवर्षे सांभाळलेल्या घरात आपला शब्द चालणार की नाही, ही तिची खरी व्यथा आहे. सासर-माहेरच्या लोणच्यांचा तंटा पाहिलेल्या मराठी श्रोत्यांना ती निराळी समजावून सांगावी लागणार नाही. पाकशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही पक्षांत तथ्य आहे. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी यांसारख्या रसाळ फळांना बाहेरचे पाणी नको. पण घट्ट सफरचंद किंवा जाड सालीची गूजबेरी यांसाठी आधी पाण्याचा पाक करणे सोयीचे. गूजबेरीला तर आवळ्याप्रमाणेच टोचे मारावे लागतात.

विसाव्या शतकात या बरण्यांना निराळेच महत्त्व आले. सोव्हिएत काळात शहरी कुटुंबांना गावाबाहेर बागेसाठी जमिनीचे तुकडे मिळत. सहाशे चौरस मीटरचा तुकडा तर म्हणीसारखा प्रसिद्ध झाला. तेथील फळे व रानातील क्ल्यूक्वा, ब्रुस्नीका यांसारखी आंबट बोरे यांवर घरचा हिवाळा निघे. या व्यवस्थेचे मर्म साखरेत होते. मे १९८५ मध्ये मद्यपानाविरुद्ध सरकारी मोहीम सुरू झाली, तेव्हा लोक चोरून घरी दारू गाळू लागले आणि त्यासाठी साखर खपू लागली. काही वर्षांत दुकानांतून साखर दिसेनाशी झाली व अनेक ठिकाणी ती शिधापत्रांवर मिळू लागली. झाडावर फळ लगडलेले आणि घरात साखर नाही, अशी वेळ कित्येक गृहिणींवर आली.

आज तेथील दुकानांत बाराही महिने फळे मिळतात आणि अनेक घरांत ती साखरेविना गोठवून ठेवली जातात. काळे करंट न शिजविता नुसते साखरेत घोटून ठेवण्याची रीतही लोकप्रिय आहे; त्यात जीवनसत्त्व ‘क’ अधिक टिकते. तरी सर्दीपडशाने अंथरुणावर पडलेल्या मुलाला गरम चहाबरोबर रास्पबेरीचे वारेन्ये देण्याची प्रथा चालूच आहे. रोग त्याने बरा होतो असे नव्हे. गरम पेयाने घाम येतो, घसा शेकला जातो आणि आजारी मुलाला कोणीतरी आपली काळजी घेत असल्याचे कळते.

या रशियन बशीशेजारच्या पेल्याशी भारताचेही नाते आहे. १९९१ पर्यंत सोव्हिएत संघ हा भारतीय चहाचा एक मोठा ग्राहक होता आणि हत्तीचे चित्र असलेली चहाची पुडी तेथील घरोघरी ओळखीची होती. बाहेर बर्फ पडत असता भारतातील मळ्यांचा चहा आणि आपल्या बागेतील जुलै महिना एकाच मेजावर मांडून ती माणसे पाहुण्यांची वाट पाहत. पाहुणा आला, की कपाटातील सर्वांत चांगली बरणी त्याच्यासाठी उघडली जाई.