दवाखान्याच्या गाडीला रॉड कशासाठी?



मागच्या तिमाहीच्या हिशेबात फिरत्या दवाखान्याच्या नावे ‘तांब्याचा रॉड, हिरवी वायर, मल्टिमीटर’ अशी एक ओळ आहे. गोळ्या-इंजेक्शनांच्या यादीत हे कशाला, असे दोघा-तिघांनी विचारले. गाडी मी चालवतो, तिचे वायरिंगही मीच पाहतो, तेव्हा उत्तर मीच दिलेले बरे.

रेवस बंदराच्या अलीकडे, खाडीच्या बाजूला असलेल्या कातकरी वाड्यांवर आम्ही मुख्यतः पावसाळ्यात जातो. दिवाळीनंतर बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. गाडीत दिवे, पंखा, औषधांचा छोटा फ्रिज आणि वाफ देण्याचे यंत्र आहे. एवढे सगळे बॅटरीवर दिवसभर चालत नाही. म्हणून जवळ ज्या घरी वीज असेल तिथून केबल ओढतो.

गेल्या जुलैत अशाच एका वाडीवर एका आजीने गाडीच्या लोखंडी पायरीवर पाय ठेवला आणि झटकन मागे घेतला. “दादा, गाडी चावते,” म्हणाली. मी पायरीला हात लावून दाखवला. मला काहीच लागले नाही. “आजी, लोखंड गार आहे, बाकी काही नाही,” असे मी हसून म्हटले. माझ्या पायांत रबरी बूट होते आणि ती अनवाणी चिखलात उभी होती, हे वीस वर्षे वायरमनचे काम केलेल्या माणसाच्या ध्यानात आले नाही. पाठोपाठ तिच्या नातीनेही पाय मागे घेतला. रांग मोडली. तेव्हा कुठे मी धावत जाऊन प्लग काढला.

गाडी रबरी टायरवर उभी असते. तिच्या पत्र्यात वीज उतरली तरी जमिनीत जायला वाट नसते. आत बसलेल्या डॉक्टरबाईंना काही जाणवत नाही. पण ओल्या जमिनीवर उभे राहून पायरीला शिवणारा माणूस स्वतःच ती वाट होतो.

बरे, सकाळी मी तपासणी केली नव्हती असे नाही. तीन भोकांच्या सॉकेटमध्ये समोरून पाहता उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल आणि वरचे मोठे भोक अर्थिंगचे. नुसता टेस्टर फेज कुठे आहे तेवढे सांगतो, म्हणून मी टेस्टलॅम्प वापरतो, म्हणजे होल्डरमधला शंभर वॅटचा बल्ब आणि दोन तारा. फेज-न्यूट्रलवर तो पेटला पाहिजे आणि फेज-अर्थवर तेवढाच पेटला पाहिजे. अर्थवर पेटलाच नाही तर अर्थिंग तुटलेले, मंद पेटला तर कच्चे. डाव्या भोकातून अर्थला लावल्यावर पेटला तर फेज-न्यूट्रल उलटे. त्या दिवशी बल्ब सगळीकडे हवा तसा पेटला होता.

मग मी घरमालकांना विचारून बोर्ड उघडला. सॉकेटच्या अर्थिंगच्या पिनेपासून न्यूट्रलच्या पिनेपर्यंत बोटभर तार जोडलेली. बाहेर अर्थिंगचा खड्डा नव्हताच. कोणीतरी ही पळवाट काढली होती. बल्बाला ही चोरी कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीने अर्थ आणि न्यूट्रल दोन्ही एकच.

त्यात बाहेर न्यूट्रलचा जोड खाऱ्या हवेने खाल्लेला. एका बल्बाला अर्धा अँपिअरही लागत नाही, तेवढे तो जोड निभावतो. फ्रिज आणि वाफेचे यंत्र एकदम चालू झाले की त्याच जोडावर व्होल्टेज अडते आणि त्या बोटभर तारेतून आमच्या पत्र्यावर येते. चिखलात खिळा रोवून मोजले तर पायरीवर ४५ व्होल्ट. दोन्ही यंत्रे बंद केली की सात-आठ. जोड पूर्ण तुटला असता तर २३० झाले असते, आणि आजी फक्त ‘चावते’ म्हणून थांबली नसती.

गाडीत ३० मिलिअँपिअरला पडणारे आरसीसीबी आहे, ते का पडले नाही? ते फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून परत येते की नाही एवढेच पाहते. इथे वीज त्याला वगळून हिरव्या वायरनेच पत्र्यावर आली होती. जी वायर माणसाला वाचवायची, तीच त्याला मारायला आली. ब्रिटनमध्ये २००२ च्या वीज नियमांनी, न्यूट्रल आणि अर्थ एकच असलेल्या पुरवठ्याचे अर्थिंग कॅरव्हॅनच्या किंवा बोटीच्या धातूला जोडायला बंदीच आहे, ती याच कारणाने.

म्हणून रॉड. आता वाडीवर पोहोचलो की आधी तो जमिनीत ठोकतो. मग त्या घरी इस्त्रीसारखे जड काही चालू करून सॉकेटच्या अर्थिंगपासून रॉडपर्यंत व्होल्टेज मोजतो. काटा हलला तर तिथली वीज घेतच नाही. हलला नाही तरी गाडीला अर्थिंग रॉडचेच, सॉकेटची हिरवी वायर जोडत नाही. रॉड कितीही साधा असला, अगदी दोनशे ओहमचा, तरी आतल्या बिघाडात एक अँपिअरहून जास्त वीज त्यातून जाते आणि आरसीसीबी पडायला तेवढी पुष्कळ झाली. सरतेशेवटी आरसीसीबीचे टेस्टचे बटण दाबून पाहतो.

खाडीकाठच्या खारट, ओल्या मातीत रॉड छान लागतो. जुने वायरमन अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरत, इथे मीठ फुकटच आहे. वर जांभ्या दगडात मात्र रॉड शिरत नाही. तिथे केबल काढतच नाही, औषधे बर्फाच्या पेटीत आणि वाफ बॅटरीवर, दोन तास पुरेल तेवढी.

त्या घरचा बोर्ड आम्ही दुरुस्त करून दिला, खड्डाही खणला. बाहेरचा जोड कळवून बदलून घेतला. पुढच्या खेपेला आजी आली, तिने आधी पायरीला हाताची पाठ लावली, माझ्याकडे पाहिले आणि मग चढली. नात तिसऱ्या खेपेला आली.

ज्या मंडळ्या आवारात गाडी उभी करू देतात त्यांना एक विनंती. आपल्या अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते आधी शोधून ठेवा आणि आपल्या वायरमनला बोर्ड उघडून ती बोटभर तार आहे का, एवढे पाहायला सांगा.