पेशव्यांचा सरंजाम हेगच्या कोर्टात

नेदरलँड्समधल्या हेगला जगाचं न्यायालय भरलंय आणि कीस पडतोय तो पेशवाईतल्या 'सरंजाम' या शब्दाचा! खरं वाटतं?

१९५४ साली दादरा-नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाली. पोर्तुगिजांच्याच दमणहून तिथं जायची वाट भारतातून. ती आपण रोखली, आणि १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालनं दावा ठोकला.

आता वकिलांकडे बघा. भारतातर्फे ॲटर्नी जनरल सेटलवाडांच्या सोबतीला ऑक्सफर्डचे प्राध्यापक हम्फ्री वॉल्डॉक. शिवाय जीनिव्हाचे प्राध्यापक गुगेनहाइम. पोर्तुगालतर्फे? तेही जीनिव्हाचेच प्राध्यापक, बुर्कँ.

वर्गात शिकवणारी माणसं इथं कशाला? कारण आंतरराष्ट्रीय कायद्याला संसदच नाही! तो शोधावा लागतो: तहांत, राष्ट्रांच्या वहिवाटीत. थोर अभ्यासकांची पुस्तकंसुद्धा कायदा ठरवताना आधाराला घ्यावीत, असं त्या न्यायालयाच्या संविधीचं ३८वं कलमच सांगतं.

तर पोर्तुगालनं आधार घेतला तो १७७९ च्या तहाचा. पुणे दरबारानं पोर्तुगिजांना वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावं कबूल केली. १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा झाल्या. पण दिलं काय? गाव, की गावचा नुसता वसूल? घर विकणं वेगळं आणि घराचं भाडं कुणाला लावून देणं वेगळं. मराठ्यांना मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे तेव्हा ते तसे स्पष्ट शब्द घालत. इथं ते नव्हते. म्हणून दिला तो सरंजाम, म्हणजे नुसता वसुलाचा हक्क, असं न्यायालयानं मानलं. पोर्तुगालची सत्ता तिथं पुढे मानली गेली ती इंग्रजांच्या काळात, तीही वागणुकीतून.

आणि वाटेचं काय? इथं तर वहिवाटीनं कमालच केली. सव्वाशे वर्षं माणसं, मुलकी अधिकारी, माल बिनतक्रार ये-जा करत होता, म्हणून तेवढा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य. शिपायांना मात्र दर वेळी परवानगी लागे, म्हणून सैन्याचा हक्क फेटाळला, ८ विरुद्ध ७. एका मताचा फरक! पण माणसं-मालाचा हक्क मान्य असूनही वाट रोखण्यात भारतानं कर्तव्य मोडलं नाही, हे ठरलं ९ विरुद्ध ६ मतांनी. तारीख १२ एप्रिल १९६०.

वॉल्डॉक पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगात तहांचा कायदा बांधायला बसले. तह वाचावा कसा, याचे नियम सांगणारा १९६९ चा व्हिएन्ना करार त्याच मसुद्यातून आला. १९७९ मध्ये ते त्याच न्यायालयाचे अध्यक्ष झाले.

निकाल आजही वाचायला मिळतो. इंग्रजी मजकुरात 'सरंजाम' हा शब्द जसाच्या तसा छापलाय. एकदा काढून बघाच.