रेसचा स्क्रू आणि क्लचचा स्विच

दापोऱ्यासारख्या केळीच्या पट्ट्यातल्या गावात मोटारसायकलवाचून कामं अडतात. मळ्यात जायचं असो की बऱ्हाणपूरच्या बाजारात, ती लागतेच. उभी असताना ती बंद पडायला लागली की पहिला हात रेसच्या स्क्रूकडे जातो. स्क्रू फिरवला, आवाज चढला, म्हणजे गाडी सुधारली असं वाटतं. मूळ बिघाड मात्र तसाच राहतो, वर पेट्रोलही जास्त जळतं.

शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्या इंजिन गरम झाल्यावर मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांवर स्थिर राहतात. सकाळी थंड इंजिनाची रेस थोडा वेळ चढी राहिली तर तो बिघाड नव्हे. गरम झाल्यावरही ती वर-खाली होत असेल, तर हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांचं गणित कुठेतरी चुकलं आहे. आधी धुळीनं भरलेला एअर फिल्टर, काळा पडलेला प्लग आणि टॅपेट बघा. मग कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधला रबरी जोड तपासा. तिकडे सहसा कुणी पाहत नाही. त्याला चीर गेली की जादा हवा आत शिरते आणि अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस लवकर उतरत नाही. चालू इंजिनावर त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरते आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे रेस संगणक सांभाळतो. सील केलेला स्क्रू फिरवला तर त्याचा अंदाजच बिघडतो. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या आणि मीटरवर इंजिनाचा दिवा लागतो का ते पाहा.

आता क्लचचा स्विच. ‘तो खराब झाला म्हणून रेस हलते’ हे कार्ब्युरेटरच्या गाडीबाबत खरं नाही. तिथे त्याचा संबंध फक्त सेल्फशी. इंजेक्शनच्या काही गाड्यांत मात्र त्याचा संदेश संगणकापर्यंत जातो, त्यामुळे तिथे संशयाला जागा आहे.

सेल्फ लागला नाही की बॅटरीला दोष देऊन नवी घेणारे पुष्कळ. खर्च करण्याआधी एवढं करा: साइड स्टँड वर घ्या आणि न्यूट्रलमध्ये बटण दाबा. तेव्हा इंजिन जोरात फिरतं, पण गिअरमध्ये क्लच दाबून फिरत नाही, तर बॅटरी ठीक आहे. क्लचच्या दांडीखालच्या छोट्या स्विचचे दोन पिन काढून मल्टिमीटर लावा. दांडी दाबता-सोडताना जोडणी बदलली नाही तर स्विच गेला. कधी नुसती माती अडकलेली असते किंवा पिन गंजलेला असतो.

दोन्ही वायर पिळून ‘डायरेक्ट’ करण्याची सवय घातक आहे. गिअरमध्ये असलेल्या गाडीचं बटण मुलाच्या हातून दाबलं गेलं तरी ती पुढे उडी मारते. नवा स्विच बसवल्यावर गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी ठेवून पहिला गिअर टाका आणि क्लच न दाबता सेल्फ मारून पाहा. इंजिन फिरता कामा नये.