अकरा चंदू साहू आणि १,२१७ मतं

१७ एप्रिल २०१४ रोजी छत्तीसगडच्या महासमुंद लोकसभा मतदारसंघात मतदान झालं. भाजपकडून तिथले मावळते खासदार चंदूलाल साहू उभे होते. त्यांच्यासमोर काँग्रेसचे अजित जोगी, राज्याचे पहिले मुख्यमंत्री. लढत खरी या दोघांची. पण यादीत खाली अपक्षांच्या रांगेत आणखी दहा साहू होते, कुणी चंदूलाल, तर कुणी चंदूराम. एका जागेसाठी अकरा चंदू साहू!

१६ मे रोजी मोजणी झाली. भाजपच्या चंदूलाल साहूंना ५,०३,५१४ मतं पडली, जोगींना ५,०२,२९७. फरक १,२१७ मतांचा. उरलेल्या दहा साहूंनी मिळून जेवढी मतं घेतली, ती या फरकाच्या कित्येक पट होती.

हा फरक किती बारीक होता ते जरा मांडून बघू. दोघांची मतं मिळून १०,०५,८११ होतात. त्यात १,२१७ म्हणजे हजारी सव्वा मत. यातल्या फक्त ६०९ मतदारांनी चंदूलालऐवजी जोगींचं बटण दाबलं असतं, तर जोगी एका मताने खासदार झाले असते. मतदारसंघात विधानसभेच्या ८ जागा येतात. वाटून दिला तर फरक प्रत्येक जागेमागे १५२ मतांचा. एका मतदान केंद्रावर दीड हजार मतदार धरले, तर पंधरा लाख मतदारांना हजार केंद्रं लागतात. म्हणजे केंद्रामागे एक मत, फार तर सव्वा. दर केंद्रावर एका आजोबांची नजर चुकली, एवढ्यावर एक खासदारकी तोलली गेली होती.

त्या रांगेची रचनाही समजून घ्यायला हवी. आपल्या निवडणूक नियमांत मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी येतात, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष, आणि शेवटी अपक्ष. प्रत्येक गटात नावं वर्णानुक्रमे. त्यामुळे भाजपचे चंदूलाल साहू वर, आणि अपक्षांच्या गटात 'च' आला की एकाखाली एक चंदू साहूंची माळच. मतदान यंत्राच्या एका युनिटवर १६ बटणं असतात. त्या हिशेबाने दहा नामबंधूंनी युनिटाचा निम्म्याहून जास्त भाग व्यापला. ज्याला वाचता येत नाही तो चिन्हावर जातो आणि बहुधा चुकत नाही. खरी फसगत होते ती थोडंफार वाचता येणाऱ्याची. त्याला नाव ओळखीचं दिसतं आणि तो तिथेच थांबतो.

आता प्रश्न असा की एका नावाची दहा माणसं मिळतात कशी? माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच आहे, आणि तिचं उत्तर रायपूरच्या मातीत आहे.

महासमुंद मतदारसंघातल्या आठही विधानसभा जागा, सरायपाली, बसना, खल्लारी, महासमुंद, राजिम, बिंद्रानवागढ, कुरूद आणि धमतरी, जुन्या रायपूर जिल्ह्यातल्या आहेत. महासमुंद आणि धमतरी हे जिल्हे १९९८ मध्ये रायपूरमधून वेगळे झाले, गरियाबंद २०१२ मध्ये. महानदीच्या काठचा हा भाताचा मुलूख, आणि इथला फार मोठा समाज तेली. तो सगळा, अगदी थोडे अपवाद वगळता, आडनाव लावतो 'साहू'. राजिमला महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर राजीवलोचनाचं देऊळ आहे. त्याच आवारात राजिम तेलिणीचं मंदिर आहे, आणि गावाचं नाव तिच्यावरूनच पडलं अशी लोकांची श्रद्धा आहे. रायपूर शहरात जीई रोडला लागून जो मोठा तलाव आहे, त्याचं नाव तेलीबांधा. माणसं, देऊळ, गाव, तलाव, आणि बाजारात फिरलात तर किराणा, औषधं, मोटारींचे सुटे भाग, मिठाई. एकाच समाजाची खूण जागोजागी भेटते. रायपुरात नुसतं 'साहूंचं दुकान' म्हणून पत्ता विचारून पाहा. विचारणाऱ्यालाच उलट विचारतील, कुठल्या साहूंचं?

राजकारणातही तेच. महासमुंदमध्ये २००९ साली चंदूलाल साहू विरुद्ध मोतीलाल साहू अशी लढत झाली. २०१९ मध्ये चुन्नीलाल साहू विरुद्ध धनेंद्र साहू. चुन्नीलाल ९०,५११ मतांनी निवडून आले. २०२४ मध्ये काँग्रेसने ताम्रध्वज साहूंना उभं केलं आणि भाजपच्या रूपकुमारी चौधरी जिंकल्या. त्याच निवडणुकीत बिलासपूरमधून तोखन साहू खासदार झाले आणि पुढे केंद्रात राज्यमंत्री. उपमुख्यमंत्री अरुण साव यांचं आडनाव लिहायला निराळं असलं तरी समाज हाच. २०१९ च्या प्रचारात पंतप्रधान छत्तीसगडच्या सभेत म्हणाले होते, की इथले साहू गुजरातेत असते तर त्यांना मोदी म्हटलं गेलं असतं.

समाज तोच, पण आडनाव प्रांतागणिक बदलतं, ही गोष्ट मराठी वाचकाला कळायला अवघड नाही. नागपूर, वर्धा, भंडारा या पट्ट्यातला तेली समाजही संख्येने मोठा आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे याच समाजाचे. नागपुरात जगनाडे चौक आहे. पण इकडे आडनावं पाहा: जगनाडे, बावनकुळे, तडस आणि अशी किती तरी. नागपुरातून गाडी निघाली की गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग करत पाच-सहा तासांत रायपूर येतं. तेवढ्या अंतरात शेकडो आडनावांचा समाज एका आडनावाखाली येतो.

यामागे इतिहास आहे. मराठी मुलखात आडनाव गावावरून, वतनावरून, हुद्द्यावरून, कधी एखाद्या पूर्वजाच्या टोपणनावावरून पडलं, त्यामुळे एकेका जातीत आडनावांचा खच पडला. आडनाव म्हणजे घराण्याची खूण. छत्तीसगडच्या मैदानी भागात विसाव्या शतकात समाजांच्या सभा भरल्या, शाळेच्या पटावर आणि सरकारदप्तरी नावं चढू लागली, तेव्हा अख्ख्या समाजाने एक आडनाव घेण्याकडे कल राहिला. तेल्यांचे साहू, राऊतांचे यादव, कोष्ट्यांचे देवांगन, केवटांचे निषाद, कुर्म्यांमध्ये वर्मांची गर्दी. एकत्र यायला आणि मानाने उभं राहायला या आडनावांनी फार मोठी मदत केली, हे मान्य करायलाच हवं. विखुरलेल्या गावांतला माणूस नाव सांगताच लाखोंच्या बिरादरीत जाऊन बसतो. पण तेच आडनाव त्याला गर्दीतून वेगळं काढायला कुचकामी ठरतं.

रायपुरातल्या मराठी घरांकडे बघितलं की उलटं चित्र दिसतं. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा रतनपूरला पोहोचल्या आणि १८५४ पर्यंत या प्रदेशावर कमीअधिक प्रमाणात नागपूरची सत्ता राहिली. त्या काळापासून आलेली मराठी कुटुंबं तात्यापारा, बूढापारा या भागांत स्थिरावली. वामनराव लाखे यांच्या नावाने लाखेनगर आहे. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे आणि पुढे 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांच्या नावाने सप्रे शाळा आहे. या शहरात 'लाखे' किंवा 'सप्रे' म्हटलं की कोण ते लगेच कळतं. आडनाव एवढं विरळ, की तेच पत्त्याचं काम करतं.

आता अंदाजाचं एक गणित मांडू. पंधरा लाख मतदारांत दहातला एक साहू धरू या. झाले दीड लाख. त्यात पुरुष पाऊण लाख. त्यांच्यापैकी हजारात एकाचं नाव चंदूलाल किंवा चंदूराम असलं, तरी पाऊणशे नामबंधू तयार. त्यातले दहा उभे राहिले तर नवल काय? हाच हिशेब एखाद्या विरळ मराठी आडनावाला लावा. मतदारसंघात त्या आडनावाचे हजार पुरुष असले, तर त्याच दराने एकच नामबंधू सापडेल.

आणि तो एकही पुरेसा ठरतो! त्याच २०१४ च्या निवडणुकीत रायगडमध्ये शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंपेक्षा २,११० मतांनी पुढे राहिले. यादीत आणखी एक सुनील तटकरे होते, अपक्ष. त्यांना ९,८४९ मतं मिळाली, म्हणजे फरकाच्या साडेचार पटींहून जास्त. एक सुनील दत्तात्रेय, दुसरे सुनील श्याम. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव लावायची रीत असल्यामुळे बारकाईने वाचणाऱ्याला दोघांत फरक करता येतो. छत्तीसगडमध्ये तीही सोय नाही. तिथे मधल्या जागी लाल, राम, कुमार यांपैकी काहीतरी येतं आणि ते सगळ्यांनाच चालतं. केरळात २००४ साली आलप्पुळा इथे व्ही. एम. सुधीरन १,००९ मतांनी हरले, व्ही. एस. सुधीरन नावाच्या अपक्षाला ८,२८२ मतं पडली होती. तिथे सगळा फरक एका आद्याक्षराचा.

जगात याहून मोठे आकडे आहेत. चीनमध्ये वांग आडनावाची माणसं दहा कोटींच्या वर आहेत, ली आडनावाचीही दहा कोटींच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगडची लोकसंख्या २,५५,४५,१९८ होती. म्हणजे चारेक छत्तीसगड भरतील एवढे नुसते वांग. वांग, ली, झांग, लिऊ आणि चेन ही पाच आडनावं मिळून चीनची सुमारे तीस टक्के वस्ती. दक्षिण कोरियात २०१५ च्या गणनेनुसार किम आडनावाचे १ कोटी ६ लाखांहून जास्त लोक होते, दर पाच माणसांत एक. पण कोरियाच्या लोकांनी त्यावर जुना तोडगा ठेवला आहे. किमला विचारायचं, मूळ गाव कोणतं? गिमहे गावचे किम वेगळे, ग्योंगजूचे वेगळे. एका मूळ गावाच्या किममध्ये लग्नाला कायद्याने बंदी होती. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती १९९७ मध्ये रद्दबातल ठरवली. आपण मूळ गावालाच '-कर' जोडून आडनाव केलं. त्यांनी गाव आडनावाच्या आधी ठेवलं. गर्दीतला माणूस ओळखायचा तर दोघांनाही गावच लागलं.

हौसेचेही विक्रम आहेत. २०२२ मध्ये टोकियोत हिरोकाझू तानाका नावाचे १७८ जण एका सभागृहात जमले आणि गिनेसच्या पुस्तकात गेले. पुढच्याच वर्षी सर्बियात मिलित्सा योवानोविच नावाच्या २५६ जणी जमल्या. त्यांच्या जमण्याने कुणाचं काही बिघडलं नाही. महासमुंदमध्ये अकराच होते, पण पणाला पाच वर्षांची खासदारकी लागली होती.

आणि खर्च किती? लोकसभेला खुल्या आणि ओबीसी उमेदवाराची अनामत २५,००० रुपये. अपक्षाला सूचक लागतात दहा. म्हणजे दहा नामबंधूंसाठी अडीच लाख रुपये आणि शंभर सह्या. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते, तशी ती या दहाही जणांची झाली. लोकसभेच्या एका निवडणुकीत एकूण ओतला जाणारा पैसा पाहता अडीच लाख काहीच नाहीत.

मग नामबंधूंना उभं राहायला बंदी घालावी का? मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असा अर्ज आला होता. न्यायालयाने तो ऐकून घेतला नाही. आई-वडिलांनी मुलाचं नाव एखाद्या नेत्यासारखं ठेवलं म्हणून त्या मुलाचा निवडणूक लढवायचा हक्क कसा काढून घेणार, असा त्यांचा सवाल होता. मला तो पूर्ण पटतो. रायपूरच्या एखाद्या खेड्यातल्या चंदूलाल साहूने नाव उसनं आणलेलं नाही. ते त्याच्या बापाने ठेवलेलं आहे आणि त्याला खासदार व्हायची इच्छा असू शकते.

दुरुस्ती व्हायला हवी ती मतपत्रिकेत. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत तरतूद आधीपासून आहे: दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल, तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा अन्य काही जोडून त्यांना वेगळं दाखवावं. २०१५ मध्ये आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो छापायला सुरुवात केली, आणि २०२५ मध्ये बिहारपासून तो रंगीत झाला आणि त्यातला चेहरा मोठा दिसू लागला. फोटोचा उपयोग आहेच. पण दोन-अडीच सेंटिमीटरच्या चौकटीत साठीतले, मिशीवाले, गळ्यात गमछा घातलेले दहा पुरुष सारखेच दिसू शकतात. नाव सारखं असेल तिथे प्रत्येकापुढे वडिलांचं नाव आणि गाव, दोन्ही ठळक छापणं आयोगाने सक्तीचं करावं. महाराष्ट्राने शाळेच्या हजेरीपटावर पिढ्यान् पिढ्या जे केलं, तेच मतपत्रिकेवर हवं.

तोपर्यंत मतदाराने स्वतःच जपायचं. बटण दाबलं की शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेआड एक चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असतं, फोटो नसतो. तुमच्या मतदारसंघात नामबंधू उभे असतील, तर घरातून निघतानाच आपल्या उमेदवाराचा अनुक्रमांक आणि चिन्ह पाठ करून जा, घरच्या म्हाताऱ्या माणसांकडूनही पाठ करून घ्या, आणि त्या सात सेकंदांत नावाकडे न बघता हे दोनच तपासा.