गळक्या झडपांशी संसार

टू-डी इकोचा रिपोर्ट हातात पडतो. दोन झडपा गळत आहेत, महाधमनी ४३ मिलिमीटर रुंद आहे आणि खाली सूचना असते, ‘एक वर्षाने पुन्हा तपासणी’. दुखत तर काहीच नाही. मग घाबरायचे की रिपोर्ट कपाटात टाकून विसरायचे? बेंगळुरूच्या बॅनरघट्टा रोडवरील सरकारी जयदेव हृदयरोग संस्थेत किंवा होसूर रोडवरच्या, डॉ. देवी शेट्टी यांनी उभारलेल्या नारायण हृदयालयात दूरदूरच्या गावांहून रुग्ण येतात. पण तपासणी एका दिवसाची असते. उरलेले ३६४ दिवस सांभाळायचे असतात ते घरच्यांनीच.

झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारे दार. ते नीट मिटले नाही, की पुढे गेलेले थोडे रक्त प्रत्येक ठोक्याला मागे येते. हृदयाचे ठोके दिवसाला सुमारे लाखभर! हे जादा काम हृदयाचा डावा कप्पा वर्षानुवर्षे निमूटपणे करत राहतो, आणि दम लागू लागतो तेव्हा बरेचदा तो थकलेला असतो. म्हणून ‘त्रास झाला की बघू’ हा हिशेब इथे चालत नाही.

हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. मोठ्या माणसात तिचे मूळ साधारणपणे ४० मिलिमीटरच्या आत असते. ते रुंदावले की झडपेची चौकट ताणली जाते आणि पाकळ्या एकमेकींना पुरत नाहीत, म्हणून ही दोन दुखणी पुष्कळदा जोडीने येतात. कधी जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात (शंभरात एकदोघांच्या), कधी मार्फान नावाचा आनुवंशिक विकार असतो, तर कधी वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब.

नळी जितकी रुंद, तितका तिच्या भिंतीवर ताण अधिक. म्हणून रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवू नये. चालणे, हलकी घरकामे खुशाल करावीत. मात्र भरलेला गॅस सिलिंडर उचलणे, श्वास रोखून जड कपाट सरकवणे, हे दुसऱ्यांवर सोपवावे. बद्धकोष्ठतेत कुंथणेही टाळावे. इसबगोलाची लाज कशाला? दातांची निगा राखावी, कारण किडलेल्या दातांतले जंतू रक्तावाटे खराब झडपेवर जाऊन बसू शकतात.

पुढची तपासणी शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने करावी. यंत्र बदलले तरी दोनतीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि त्यावरून घरात उगाच रडारड होते. जुने रिपोर्ट सोबत न्यावेत.

महाधमनी ५५ मिलिमीटरच्या आसपास पोहोचली, की सहसा शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. मार्फान असेल तर ५० लाच. गळती फार असून डावा कप्पा मोठा होऊ लागला तर त्याआधीही. झडप आणि महाधमनीचे मूळ एकदमच बदलण्याची ‘बेंटाल’ शस्त्रक्रिया १९६८ पासून माहीत आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली स्वदेशी कृत्रिम झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवण्यात आली. अशी यांत्रिक झडप बसवली, की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभराची. मग बायका सगळ्या पालेभाज्या बंद करतात. तसे नको. बेंगळुरूच्या बाजारात ‘सोप्पू’च्या हिरव्यागार जुड्या दिसतात, त्या जरूर आणाव्यात, फक्त दर आठवड्याला प्रमाण सारखे असावे आणि रक्ताची तपासणी वेळेवर व्हावी.

घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक हवी. छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली, तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पाजत बसू नये. महाधमनीचे अस्तर फाटण्याची ती खूण असू शकते. तडक मोठ्या इस्पितळात न्यावे आणि दारातच सांगावे, ‘यांची महाधमनी रुंद आहे’. कारण हृदयविकाराचा झटका समजून गुठळी विरघळवणारे औषध दिले गेले, तर ते जिवावर बेतू शकते.

अमेरिकेची उंचनिंच व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकून आली. जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना ती कोसळली आणि गेली. तिला मार्फान होता, हे मृत्यूनंतर कळले. मग तिच्या भावाला तपासले, तर त्याचीही महाधमनी रुंद निघाली आणि त्याच्यावर वेळेत शस्त्रक्रिया झाली. म्हणून जन्मजात दोष वा रुंद महाधमनी आढळलेल्या रुग्णाची भावंडे आणि मुले यांचा एकदा तरी इको करून घ्यावा.

मुलीचा इको काढायला मात्र आईबाप कचरतात. बोभाटा झाला तर लग्न मोडेल, ही धास्ती. पण गरोदरपणात हृदयावरचा भार खूप वाढतो, रुंद महाधमनीला त्या महिन्यांत धोका अधिक असतो आणि रक्त पातळ करणारी काही औषधे गर्भालाही अपाय करतात. तेव्हा दिवस राहण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ या दोघांना फाइल दाखवायला हवी, आणि त्या भेटीला नवऱ्यानेही सोबत जावे.