दानपेटीची किल्ली

जळगावच्या बाजारात भरताची वांगी निवडत होतो, तेवढ्यात धुळ्याहून आईचा फोन. "कोणी तरी म्हणतोय, ५,००० रुपये बक्षीस लागलंय, पिन टाका."

माझ्या दहा वर्षांच्या लेकीने फोन ओढलाच. "आजी, दानपेटीत पैसे टाकायला किल्ली लागते का?"

"नाही."

"आणि काढायला?"

आजी क्षणभर थांबली, मग हसून अहिराणीत म्हणाली, "म्हंजे पैसा येवाले पिन कसाले?"

सगळं त्या प्रश्नात आलं. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये चार किंवा सहा आकडी पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे द्यायला आपली संमती. पैसे येताना तो लागत नाही. क्यूआर कोडही पैसे देण्यासाठीच स्कॅन करायचा. फसगत झालीच, तर लाजू नका. लगेच १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर फोन करा. जितकी घाई, तितकी रक्कम वाचण्याची आशा जास्त.

वांगी विकणाऱ्या मावशींना यूपीआयने पैसे दिले. टोपलीशेजारचं यंत्र बोललं, "चाळीस रुपये प्राप्त."

"बाबा, मावशींनी पिन टाकला का?" लेकीने विचारलं. मावशीही खळखळून हसल्या.